काचेच्या पोटातली चांदी

नाताळाच्या झाडावरच्या काचेच्या गोळ्याला चकाकी देणारी चांदी बाहेरून नव्हे, आतून लावलेली असते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत कुणाच्या ट्रंकेत असा जुना गोळा असेल, तर तो आधी नीट ओळखायला हवा.

या गोळ्यांचं गाव जर्मनीतलं लाउशा. तिथे १५९७ मध्ये काचेची भट्टी पेटली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कारागीर नाताळासाठी गोळे फुंकू लागले. सुरुवातीचे गोळे जाड आणि वजनदार असत. १८६७ मध्ये गावात गॅस आला आणि कामाची रीतच बदलली. हवी तशी कमी-जास्त करता येणाऱ्या प्रखर ज्योतीवर काचेची नळी मऊ करून फुंकली, की भिंत अगदी पातळ होई. जाड काच निवताना बाहेरचा थर आधी आवळतो, आतला मागे राहतो. तो ताण अडकला की काच तडकते. पातळ भिंत मात्र जवळजवळ एकदमच निवते.

चांदीची युक्ती रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या प्रयोगांतून आली. सिल्व्हर नायट्रेट अमोनियात मिसळायचं, त्यात ग्लुकोज घालायचं, ते मिश्रण गोळ्यात ओतून हलवायचं. ग्लुकोज चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं आणि चांदीचा थर काचेला आतून धरतो. तोच थर बाहेर असता, तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी लवकर काळा पडला असता. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

फुंकून काच घडवण्याचं काम महाराष्ट्रालाही परकं नाही. पै-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाडे इथे १९०८ मध्ये सुरू झाला. पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीने घरोघरी प्रभाकर कंदील पोहोचवला. नाताळाचे गोळे आज फिरोजाबादेत फुंकले जातात आणि परदेशी जातात. अमेरिकेत १९३९ पासून दिव्याचे बल्ब बनवणारी यंत्रंच गोळे काढू लागली, त्यामुळे जुन्या हातच्या गोळ्यांमागे संग्राहक आजही असतात.

ट्रंकेतला गोळा ओळखायचा, तर त्याच्या मानेवरची टोपी हळूच काढून पाहावी. हातच्या गोळ्याची मान बहुधा ओबडधोबड कापलेली असते. ओलं फडकं मात्र लावू नये; जुना रंग पाण्याने निघतो. कोरडा मऊ ब्रश पुरे. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखालचा पोटमाळा भट्टीसारखा तापतो. काच ती उष्णता सोसते, रंगाचा लेप सोलवटतो. म्हणून गोळे मऊ कागदात गुंडाळून खालच्या खोलीत, कोरड्या जागी ठेवावेत. टोपी सैल राहू देऊ नये, कारण दमट हवा तिथूनच आत शिरते आणि चांदीवर डाग पडू लागतात.