औषध एक, मात्रा निराळी

आमच्या परिचयाच्या एका घरीं आईनें आपलें एक मूत्रपिंड मुलास दिलें. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. परंतु महिन्याभरानें त्या माउलीस निराळीच चिंता लागली. तपासणीस येणाऱ्या दुसऱ्या एका रोग्याचें वजन मुलाइतकेंच, औषधही तेंच, पण मात्रा मात्र दुप्पट! आपल्या मुलास औषध कमी तर पडत नाहीं ना? थोरल्या जाऊबाईंनीं तर एक गोळी वाढवून पाहण्याचा सल्लाही देऊन टाकला.

शंका अगदींच अनाठायीं नव्हती. दुसऱ्याचें इंद्रिय, मग तें आईचें कां असेना, शरीर आपलें मानीत नाहीं. १९५४ सालीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं केलेलें मूत्रपिंडारोपण यशस्वी झालें, तें देणारा व घेणारा एकरूप जुळे भाऊ होते म्हणून. इतरांस शरीराचा प्रतिकार दडपणारीं औषधें रोज घ्यावीं लागतात. त्यांतील प्रमुख टॅक्रोलिमस. जपानांतील त्सुकुबा येथील मातींत सांपडलेल्या एका सूक्ष्मजंतूपासून १९८४ सालीं तें हातीं आलें. रक्तांत तें कमी पडलें तर शरीर नव्या मूत्रपिंडावर उठतें. अधिक झालें तर हातांस कंप सुटतो, मधुमेह जडूं शकतो, आणि ज्याच्या रक्षणासाठीं तें घ्यावयाचें त्या मूत्रपिंडासच इजा पोंचते!

हें औषध आंतड्यांत व यकृतांत मोडून टाकणारें सीवायपी ३ए५ नांवाचें एक एन्झाइम आहे. पुष्कळांच्या शरीरांत तें जन्मतःच निष्क्रिय असतें. ज्यांच्यांत तें काम करतें त्यांना आरंभीं दीडपट ते दुप्पट मात्रा लागते. हा आनुवंशिक गुण तपासणीनें आधींच कळूं शकतो. तरी अखेरचा निवाडा रक्तांतील प्रमाणाचाच. पहिल्या कांहीं महिन्यांत तें बहुधा दर मिलिलिटरास ५ ते १० नॅनोग्रॅमच्या आसपास राखतात. रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वीं काढावयाचें असतें. गोळी घेऊन तपासणीस जाणें म्हणजे ती तपासणी फुकट घालविणेंच होय.

घरांतून येणारे धोके निराळेच. गणपतीच्या माटोळींतील पपनस प्रसाद म्हणून खाल्लें, तर त्यानेंही रक्तांतील औषध वाढूं शकतें. उलट क्षयावरील रिफाम्पिसिन सुरू झालें कीं तें झपाट्यानें घटतें, आणि रिफाम्पिसिन थांबलें कीं पुन्हां चढतें; दोन्ही वेळां मात्रा बदलावी लागते. जाऊबाईंची गोळी या साऱ्याच्या वर!

ती गोळी माउलीनें वाढविली नाहीं. तिनें एक वही घातली: तारीख, गोळीची वेळ, रक्तांतील प्रमाण. परवां मुलास जुलाब लागले. औषध वाहून जात असेल, असेंच घरांत सर्वांना वाटलें. तिनें मात्र त्याच दुपारीं डॉक्टरांना कळविलें. प्रमाण जवळजवळ दुप्पट झालें होतें. जुलाबांत आंतड्यांची औषध मोडण्याची शक्ति क्षीण होते व अधिक औषध रक्तांत उतरतें, असें डॉक्टरांनीं सांगितलें. मात्रा त्यांनीं तेव्हांच उतरविली, आणि वहींत त्या दिवसाचा आंकडा तांबड्या शाईनें लिहिला गेला.