आतून रीबूट केलेला सर्व्हर का अडकतो? गैरसमज आणि वस्तुस्थिती

वडोदऱ्याच्या समा भागातील एखाद्या लहान कचेरीचा जमाखर्च आज ज्या सर्व्हरवर चालतो, तो पुष्कळदा मुंबईच्या डेटा सेंटरमधील मोठ्या यंत्राचा केवळ आभासी अंश असतो. आणि आतून रीबूटचा हुकूम सोडल्यावर तो परत उभा राहिला नाही, म्हणजे यंत्रच निकामी झाले असा ग्रह करून घेऊन माणसे घाईने वीज तोडण्याचे बटण दाबतात. ही घाई मला घातक वाटते.

पिंगला उत्तर येत नाही म्हणून सर्व्हर मेला, हे अनुमान चुकीचे आहे. कारण त्यावरून नेटवर्कवरून उत्तर येत नाही एवढेच सिद्ध होते. खरी हकीकत सेवादात्याच्या पॅनेलमधील कन्सोलवर दिसते. तेथे ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ ही ओळ आणि तिच्याजवळ वाढत जाणारे सेकंद दिसले, तर सिस्टमडी ही लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा एखाद्या हट्टी सेवेची वाट पाहत आहे असे समजावे. ही मुदत सामान्यतः ९० सेकंदांची असते. मात्र नेटवर्कवरील एनएफएस फोल्डर जोडलेला असून त्याचा मूळ सर्व्हर निरुत्तर झाला असेल, तर ही प्रतीक्षा अमर्याद लांबू शकते.

याउलट ‘रीबूट: रीस्टार्टिंग सिस्टिम’ ही ओळ उमटून सारे स्तब्ध झाले, तर लिनक्सने आपले दप्तर आवरलेले असते आणि दोष पुढच्या टप्प्यात, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करण्याच्या संकेतात, शोधावा लागतो. हा संकेत सामान्यतः एसीपीआयमार्फत जातो किंवा कीबोर्ड नियंत्रकामार्फत; दुसरी वाट १९८४च्या आयबीएम पीसी-एटीपासून चालत आलेली असून आभासी यंत्रांतही तिचा अंमल टिकून आहे. कर्नलच्या ‘रीबूट=’ या पर्यायाने वाट बदलून पाहता येते. शिवाय आभासी यंत्रे सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या नोंदीत ‘ऑन_रीबूट’पुढे ‘डिस्ट्रॉय’ असेल, तर सर्व्हर अडकलेला नसतोच. यजमान यंत्राने तो हुकमाप्रमाणे बंद केलेला असतो.

वाढवलेली मेमरी आतून रीबूट केल्याने लागू होते, हाही एक भ्रम आहे. अशा रीबूटमध्ये यजमानावर हे आभासी यंत्र चालवणारी क्यूईएमयूची तीच प्रक्रिया सामान्यतः चालू राहते. म्हणून सर्व्हर पूर्ण बंद करून नव्याने सुरू करावा लागतो.

सक्तीने बंद करण्याची पाळी आलीच, तर एक्स्टफोर या फाइलव्यवस्थेचे जर्नल तिची घडी सांभाळते, पण डिस्कवर न पोचलेल्या नोंदी परत देत नाही. सर्व्हर उठल्यावर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ने मागील सत्राच्या अखेरच्या ओळी वाचाव्यात; त्यासाठी सिस्टमडीचे जर्नल डिस्कवर साठवण्याची तजवीज मात्र आधीच केलेली असली पाहिजे.