भांड्याची शुद्धी

फाल्गुन सरत आला की जबलपूरच्या आसपासच्या रानांत मोहाची फुले गळू लागतात. पहाटे झाडाखाली पडलेला तो फिकट पिवळा सडा गोंड आणि बैगा कुटुंबे टोपल्यांत वेचून घेतात, उन्हात वाळवतात आणि वर्षभर पुरवतात. फुलांत साखर विपुल असते. म्हणून ती भाकरीबरोबर खाल्ली जातात आणि पाण्यात भिजवून आंबवलीही जातात. मध्य प्रदेशात आदिवासी कुटुंबांना घरगुती उपयोगापुरते मोहाचे मद्य ठरावीक मर्यादेत करण्याची कायद्याने सवलत आहे. शिवाय 2022 साली राज्य शासनाने या पेयाला वारशाचे मद्य म्हणून विक्रीची वाट मोकळी केली आणि जबलपूरच्या पूर्वेकडील डिंडोरी व पश्चिमेकडील अलिराजपूर या जिल्ह्यांतील बचत गटांनी ते बाटलीबंद करण्यास आरंभ केला.

पेय घरचे असो वा विक्रीचे, एक प्रश्न दोहींकडे सारखाच उभा राहतो. एकाच झाडाची फुले, एकाच विहिरीचे पाणी, शेजारी ठेवलेली दोन मडकी. तरी एकातील आंबवण गोडसर सुवास देते आणि दुसऱ्यातील नुसती आंबून वाया जाते. असे का व्हावे?

हाच प्रश्न 1856 साली फ्रान्समधील लील शहरी लुई पाश्चर यांच्यापुढे आला होता. तेथील बिगो नावाच्या कारखानदाराचे बीटपासून मद्यार्क काढण्याचे काम असेच बिघडत होते. पाश्चरांनी दोन्ही पिंपांतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात किण्वाच्या वाटोळ्या पेशी होत्या, तर बिघडलेल्या पिंपात त्यांच्या जोडीला बारीक काड्यांसारखे जंतू माजले होते. साखरेचा मद्यार्क करणारे जीव वेगळे आणि तिचे आम्ल करणारे वेगळे, ही गोष्ट अशा निरीक्षणांतून स्पष्ट होत गेली. हे आगंतुक जंतू हवेतून, फळाफुलांच्या सालीवरून आणि पुष्कळदा मागील खेपेच्या न धुतलेल्या भांड्यातून येतात.

येथे दोन शब्दांतील भेद नीट ध्यानी घ्यावयास हवा. स्वच्छ करणे म्हणजे मळ काढणे आणि निर्जंतुक करणे म्हणजे जंतू मारणे. पहिले झाल्यावाचून दुसरे साधत नाही. भांड्याच्या अंगाला चिकटलेल्या साक्याचा थर जंतूंना चिलखतासारखा उपयोगी पडतो. औषधाची शक्ती त्या थरातच खर्ची पडते आणि खालचे जंतू सुखरूप राहतात. आपल्याकडे चुलीच्या राखेने भांडी घासतात, त्यामागे शास्त्र आहे. लाकडाच्या राखेतील क्षार तेलकटपणा विरघळवतात. परंतु राखेने घासलेले भांडे स्वच्छ झाले, निर्जंतुक झाले नाही.

जंतू मारण्याचा सर्वांत सोपा उपाय उकळते पाणी हा होय. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंच असल्याने तेथे पाणी 100 अंशांच्या किंचित खालीच उकळते. पण तेवढी उष्णता पुरेशी असते. दहा मिनिटे उकळल्याने आंबवण नासवणारे नेहमीचे जंतू मरतात. काही जंतूंची बीजे यातूनही तगतात. परंतु आंबट आणि मद्यार्कयुक्त द्रवात त्यांना सहसा वाढता येत नाही. काचेचे भांडे मात्र थंड पाण्यात ठेवून पाण्याबरोबरच तापवावे, नाहीतर ते तडकते.

जे उकळता येत नाही त्यासाठी क्लोरीनचे पाणी वापरावे. बाजारी द्रावण 5 टक्के शक्तीचे असल्यास 4 लिटर पाण्यात 15 मिलिलिटर पुरे होते. भांडे त्यात दहा मिनिटे बुडवून नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने विसळावे, म्हणजे पेयाला वास लागत नाही. हे द्रावण सिरक्यात वा कोणत्याही आम्लात कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो.

भांड्याची जातही पारखावी लागते. कच्च्या मडक्याच्या असंख्य छिद्रांत मागील आंबवण मुरून राहते. ते किण्व चांगले असेल तर मडके कामाचे. एकदा का आंबट जंतू मुरले की कितीही घासले तरी ते सुधारत नाही, टाकूनच द्यावे लागते. उलट झिलईची चिनी मातीची बरणी काही शोषून घेत नाही. जबलपूरला तर या मातीकामाची परंपराच आहे. विसाव्या शतकात तेथे बर्न आणि परफेक्ट पॉटरी या कंपन्यांचे कारखाने नावारूपाला आले होते. तांब्यापितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात आंबट द्रव साठवला तर धातू विरघळून पोटात जातो. प्लास्टिकवर घासणीने चरे पडले की त्या चऱ्यांत जंतू घर करतात. सर्वांत दुर्लक्षित राहते ती रबरी नळी आणि गाळण्याचे फडके. भांडे लख्ख आणि फडके ओशट असेल तर सारी मेहनत फुकट जाते. धुतलेले भांडेही घरातल्या फडक्याने न पुसता पालथे घालून वाळू द्यावे.

या शुद्धीच्या मर्यादाही आहेत. निर्जंतुक भांडे पेयाची नासाडी टाळते; मात्र त्यात कोणी मिथेनॉल मिसळले असेल तर ते विष कोणत्याही धुण्याने वा उकळण्याने निघून जात नाही.

चैत्राच्या उन्हात वेचलेली टोपलीभर फुले म्हणजे एखाद्या कुटुंबाचे कित्येक पहाटांचे श्रम असतात. ते श्रम राखण्यास महागडे यंत्र लागत नाही. लागते ते घासलेले भांडे, उकळते पाणी आणि दहा मिनिटांचा धीर.