संतोष: कशात मानायचा आणि कशात नाही

विहारात वंदना झाली की आपण महामंगल सुत्त म्हणतो. वस्तीतल्या लहान मुलांनाही ते तोंडपाठ असते. त्यात तथागतांनी अडतीस मंगले सांगितली आहेत. त्यांतल्या दोन शब्दांकडे आम्ही या वेळी वाचकांचे लक्ष वेधणार आहोत. एक शब्द आहे ‘सिप्प’, म्हणजे शिल्प, हातची कला, हुन्नर. दुसरा आहे ‘संतुट्ठी’, म्हणजे संतोष. ज्याच्या हाताला कला आहे आणि मनाला संतोष आहे, त्याच्या घरी मंगल आहे, असा त्याचा साधा अर्थ.

ताप, खोकला, मधुमेह सोडून आरोग्याच्या पानावर संतोष कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर धम्मपदातच आहे. सुखवग्गातल्या एका गाथेत आरोग्य आणि संतोष शेजारी शेजारी ठेवले आहेत. कडा आणि आष्टी तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत फिरले, तरी तेच दिसते. झोप लागत नाही, डोके ठणकते, पित्त उसळते, छातीत धडधडते, बीपी वाढले आहे, अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. औषध चालू असते, पण मागे हप्त्याचा घोर असतो. तो घोर गोळीने जात नाही.

गरिबीचे कौतुक नको

संतोषाचा विषय निघाला की आपल्या समाजाने सावध राहिले पाहिजे. ‘आहे त्यात समाधान माना’ हे शब्द आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके ऐकवले गेले. गावकुसाबाहेर राहा, शिळे खा, फाटके नेसा आणि समाधानी राहा, असा तो उपदेश होता. तो धम्म नव्हे. बाबासाहेबांनी 1950 साली ‘महाबोधी’ मासिकात बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. धर्माने गरिबीला पवित्र ठरवता कामा नये, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले.

तथागतांनीही गृहस्थाला उपाशी राहायला सांगितले नाही. अंगुत्तर निकायात अनाथपिंडकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. कष्टाने आणि सन्मार्गाने मिळवलेले धन असणे, हे पहिले सुख. ते धन स्वतःसाठी आणि सत्कर्मासाठी वापरता येणे, हे दुसरे. कोणाचे देणे नसणे, हे तिसरे. आणि आपले वागणे निर्दोष असणे, हे चौथे सुख. चौथे सुख सर्वांत मोठे मानले आहे. म्हणजे साधे राहणे आणि गरीब राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबी लादलेली असते. साधेपणा आपण निवडतो.

बाबासाहेबांचे राहणेच पाहा. ते नीटनेटका पोशाख करत. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या माताभगिनींना सांगितले की अंगावर हलक्या दागिन्यांचे ओझे नको, लुगडे स्वच्छ आणि नीट नेसा. ओझे उतरवले, तरी मान वाढतो, हे त्या सांगण्याचे मर्म. दादरच्या राजगृहात त्यांनी पुस्तकांना घर दिले. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रेही काढली. कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही, हे त्यांनी स्वतः ठरवले. शेजाऱ्याने ठरवले नाही.

घोर शरीरात कसा उतरतो

आपल्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची गाडी भरते. मुकादमाची उचल त्याआधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने कोपीत काढायचे आणि उचल फेडायची. त्यातली काही रक्कम दवाखाना, बियाणे, शाळा अशा खऱ्या गरजेला जाते. त्याला पर्याय नसतो, आणि तो दोष त्या कुटुंबाचा नाही. पाण्याचा आणि रोजगाराचा प्रश्न सुटल्याशिवाय हा फेरा सुटणार नाही.

पण काही रक्कम लग्नातला मंडप, डीजे आणि आहेर यांत जाते, काही हप्त्यावरच्या मोबाईलमध्ये. 2022 च्या सप्टेंबरात नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन झाले. दवाखाना, कॉलेज जवळ आले, हे चांगलेच झाले. पण नगरची दुकानेही जवळ आली आणि मोबाईलमधल्या जाहिराती तर उशाशी आल्या. दुसऱ्याच्या घरातले पाहून आपले घर उणे वाटू लागते. मग बचत गटाच्या एका हप्त्यासाठी दुसरीकडून उसने घ्यावे लागते.

घोर लागला की शरीर त्याला संकट समजते. संकटात पळता यावे किंवा लढता यावे म्हणून शरीर काही संप्रेरके रक्तात सोडते. काळजाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, साखर वाढते, पचन मंदावते. कुत्रे मागे लागले असेल, तर हे उपयोगाचे आहे, कारण पाच मिनिटांत संकट टळते आणि शरीर शांत होते. हप्त्याचे संकट मात्र दर आठवड्याला येते. शरीर सतत ताणलेले राहते. झोप उडते, चिडचिड वाढते, आणि मग कोणी तंबाखू-गुटख्याकडे, कोणी दारूकडे वळतो. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपल्या बावीस प्रतिज्ञांत आहे. ती पाळायला बळ हवे आणि ते बळ झोप झालेल्या शरीरात जास्त असते. तथागतांनी ऋण नसण्याला सुख म्हटले, त्यात आरोग्याचीही गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते.

हात चालू लागले की मन थांबते

आता ‘सिप्प’ या शब्दाकडे वळू. पैसे खर्च न करता मनाला विसावा देणारी गोष्ट आपल्या घरातच आहे. ती म्हणजे हाताने काही घडवणे.

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला बसलेल्या आजीकडे पाहा. कोणता तुकडा कुठे लावायचा, काठ कुठे आणायचा, हे ती मनाशी जुळवत असते. धावदोरा सरळ जात असतो. हात एका लयीत चालतो तेव्हा श्वासही संथ होतो आणि चित्त एका ठिकाणी राहते. आनापानसतीत आपण श्वासावर लक्ष ठेवतो. इथे लक्ष टाक्यावर असते. काम पुरे झाले की ‘हे मी केले’ असे समाधान मिळते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या माणसाला स्वतःचे असे काही हातात येणे फार मोलाचे असते.

आपल्याच बीड जिल्ह्यात याचा मोठा दाखला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या महिलांनी बाबासाहेबांवर आणि बुद्धांवर गायिलेल्या ओव्या आहेत. त्या 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या मायबहिणींजवळ साधने कोणती होती? दगडाचे जाते, पहाटेची वेळ आणि स्वतःचा आवाज. दळणाचे कष्ट चुकत नव्हते, पण त्या कष्टात त्यांनी आपले शब्द घडवले आणि जिवाचे ओझे हलके केले.

वामनदादा कर्डकांचेही तसेच. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस शाळेत शिकला नव्हता. मुंबईत मजुरी करताना त्यांनी अक्षरे शिकून घेतली, 1943 साली पहिले गाणे लिहिले, आणि त्यांच्या गाण्यांनी चळवळ खेडोपाडी पोचवली. कला ही शिकल्यासवरलेल्यांची मिरास नाही, हे यातून दिसते.

विज्ञानही हेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2019 साली कला आणि आरोग्य या विषयावरच्या 3,000 हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. गाणे, नाच, हस्तकला, वाचन यांचा आजार टाळायला आणि आजारी माणसाला सावरायला उपयोग होतो, असे त्यात दाखवले आहे.

घरी काय करता येईल

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तो संपला की तोडीचे दिवस येतात. त्याआधीचे हे तीन महिने सवय लावायला चांगले. आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो.

• ग्रंथवाचन रोज एकानेच करू नये. घरटी एकाने पान वाचावे. नववीतल्या मुलीने वाचावे, अडखळत वाचणाऱ्या आईनेही वाचावे. वाचता येत नसेल त्यांनी ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे.

• रोज अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून हाताचे काम करावे. गोधडी, दोरी वळणे, मुलांसाठी चिंध्यांचा चेंडू, भिंतीवर चित्र, नवी ओवी, ढोलकी, जे जमेल ते. पुरुषांनीही करावे. बाई स्वयंपाक करते आणि बाप्या टीव्ही पाहतो, तिथे हा अर्धा तास बाईला मिळणार नाही. आधी कामाची वाटणी करा.

• हुलगा, मटकी, बाजरी हे आपल्या रानातले धान्य ताटात परत आणा. हुलग्याचे शेंगोळे, मोडाची मटकी, शेवग्याच्या पाल्याची भाजी यांत प्रथिने आणि लोह आहे. मुलाच्या हातातल्या वेफर्सच्या पुडीत मीठ आणि तेल आहे. मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, इतके मीठ पुरते.

• मंगल परिणयाला मुहूर्त लागत नाही, हुंडा लागत नाही. सोयीच्या दिवशी, विहारात, दोन्ही घरांनी मिळून तो करता येतो. लग्नाची नोंदणी मात्र जरूर करा. एका लग्नाची वाचलेली उचल म्हणजे एका हंगामाची मोकळीक.

• दाराशी सांडपाण्यावर दोन झाडे लावा. शेवगा, कढीपत्ता, जागा नसेल तर डब्यात मिरची. रोज वाढताना दिसणारी गोष्ट लहानथोरांना आनंद देते.

संतोष हे औषध नव्हे

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशात रस नाही, रडू येते, जगणे नको वाटते, अशी कोणाची अवस्था असेल, तर त्याला ‘संतोष मान’ असे सांगू नका. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येते. जीव द्यावा असे कोणी बोलले, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. बीपी-साखरेच्या गोळ्याही मन शांत झाले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

शेवटी पुन्हा तथागतांच्या शिकवणीकडे येऊ. अंगुत्तर निकायातच त्यांनी असेही सांगितले आहे की कुशल गोष्टींच्या बाबतीत थोडक्यात समाधान मानून थांबू नये. आपल्या घरांसाठी याचा अर्थ सरळ आहे. साडी, मोबाईल, मांडव यांत ‘पुरे’ म्हणायला शिकू या. मुलीच्या शिक्षणात, नळाच्या पाण्यात, मजुरीच्या दरात, दवाखान्यातल्या डॉक्टरच्या हजेरीत ‘पुरे’ म्हणायचे नाही. तिथे मागतच राहायचे. पहिल्या ठिकाणी वाचलेला पैसा आणि ताकद दुसऱ्या ठिकाणी लावायची.

जय भीम, नमो बुद्धाय.