हिरवळ सिंचन, घरगुती
घराभोवतालच्या हिरवळीस जमिनीत पुरलेले नळ व तुषारक यांच्याद्वारे पाणी देण्याची व्यवस्था. नळ एकदा पुरल्यावर त्यांत बदल करणे खर्चाचे असल्याने पाण्याची गरज, उगम, दाब व प्रवाह यांचा हिशेब आधीच करावा लागतो [⟶ तुषार सिंचन].

पाण्याची गरज : कोकणात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, उरलेले सु. आठ महिने हिरवळ सिंचनावर अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत हरळीची गरज दररोज सु. ५ मिमी. धरतात. १ चौ. मी. क्षेत्रावर १ मिमी. पाणी म्हणजे १ लि.; त्यामुळे ८ × ८ मी. हिरवळीस दररोज ३२० लि. लागतात. वारा, बाष्पीभवन व असमान वाटप यांमुळे होणारी सु. २५ टक्के हानी धरता प्रत्यक्षात सु. ४२५ लि. द्यावे लागतात. दरडोई १३५ लि. या प्रचलित मानकाप्रमाणे चौघांच्या कुटुंबास दररोज ५४० लि. पाणी लागते, म्हणजे एवढीशी हिरवळ त्याच्या जवळजवळ चार पंचमांश पाणी घेते. म्हणून हिरवळीचे क्षेत्र किती ठेवावे, हा योजनेतील पहिला प्रश्न होय.

उगम : वसईची खाडी व अरबी समुद्र यांलगतच्या मिरा-भाईंदर परिसरात हा प्रश्न विशेष बिकट आहे. शहराला नळाचे पाणी दुरून आणावे लागते, तर मिठागरांजवळच्या विहिरी व कूपनलिका यांचे पाणी मचूळ असू शकते. अतिउपशाने ते अधिक खारट होते. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याची क्षारता तपासून घ्यावी. हरळी बऱ्यापैकी क्षार सहन करते. तथापि निचरा नसल्यास क्षार मुळांशी साचतात. वसाहतीत सांडपाणी शुद्धीकरणाची सोय असल्यास ते शुद्ध केलेले पाणी वापरणे अधिक श्रेयस्कर ठरते.

दाब व प्रवाह : सु. ४ मी. त्रिज्येच्या तुषारकास दर चौ. सेंमी.ला सु. २ किग्रॅ. दाब लागतो. गच्चीवरील टाकीतील पाणी ८ मी. उंचीवर असेल, तर दाब सु. ०.८ किग्रॅ.च मिळतो, अशा वेळी पंप आवश्यक ठरतो. दाबमापकावर २ किग्रॅ. दाब कायम राहील इतकीच झडप उघडून बादली भरावी. २० लि.ची बादली ४५ सेकंदांत भरल्यास प्रवाह दर मिनिटास सु. २७ लि. होतो. त्यापैकी तीनचतुर्थांश, म्हणजे २० लि., हिशेबात धरावेत.

आखणी : एका तुषारकाचे पाणी शेजारच्या तुषारकापर्यंत पोहोचले पाहिजे, अन्यथा मध्ये कोरडे पट्टे राहतात. वरील हिरवळीस तीन ओळींत नऊ तुषारक पुरतात : कोपऱ्यांवर चार पाव वर्तुळाचे (प्रत्येकी मिनिटास २.५ लि.), कडांच्या मध्यावर चार अर्धवर्तुळाचे (५ लि.) व केंद्रस्थानी एक पूर्ण वर्तुळाचा (१० लि.). एकूण मागणी ४० लि. होते. मधल्या ओळीचा एक व कडेच्या दोन ओळी मिळून दुसरा असे दोन विभाग पाडून त्यांना स्वतंत्र झडपा दिल्यास प्रत्येकाची मागणी २० लि. राहते. यासाठी २५ मिमी. व्यासाचे नळ पुरेसे होतात. पिण्याच्या नळाशी जोडणी असल्यास बागेतील पाणी उलट शिरू नये म्हणून प्रत्यागमनरोधक झडप अवश्य बसवावी.

वेळापत्रक : तिसऱ्या दिवशी पाणी द्यावयाचे झाल्यास प्रत्येक विभाग सु. ३२ मिनिटे चालवावा लागतो. चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते. म्हणून ते आठ-आठ मिनिटांच्या चार पाळ्यांत, मध्ये खंड ठेवून द्यावे. दुपारी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने तुषार भरकटतात. सूर्योदयापूर्वीची वेळ उत्तम. पावसाळ्यात यंत्रणा बंद ठेवतात. उपलब्ध पाणी या हिशेबास पुरत नसल्यास सिंचनाचा कालावधी नव्हे, तर हिरवळीचे क्षेत्र कमी करावे आणि उरलेल्या जागेत कमी पाण्यावर तगणारी झुडपे लावावीत.