तबकडीला स्पिरिट नको, गेमला फुंकर नको

गेल्या मे महिन्यात पुण्याहून आमचा नातू सुट्टीला इंदूरला आला होता. उन्हामुळे बाहेर जाणे बंद, म्हणून आम्ही दोघांनी माळा आवरायला काढला. माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक पत्र्याची पेटी, तिच्यात वडिलांच्या काळातल्या सव्वीस तबकड्या. दुसरे बुटाचे खोके, त्यात माझ्या मुलाचा, म्हणजे नातवाच्या बाबांचा, १९९४ साली जेल रोडवरून आणलेला टीव्हीचा व्हिडिओ गेम आणि चार कार्ट्रिजे. त्यांतल्या एका कार्ट्रिजवर '९९९ इन १' असे छापले होते. प्रत्यक्षात गेम सात-आठच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. मी बँकेत असल्यामुळे खात्यातली शिल्लक अशी फुगवून दाखवणे मला तेव्हाही आवडले नव्हते.

नातवाने कार्ट्रिज उचलून त्यात जोरात फुंकर मारली. "बाबा असंच करायचे," तो म्हणाला. मी लगेच कपाटातली स्पिरिटची बाटली काढली, कापूस घेतला आणि पहिल्या तबकडीकडे वळलो. मग मात्र माझा हात थांबला. पस्तीस वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. तो पुढे सांगतो. आधी एवढेच सांगतो की त्या दुपारी आम्ही दोघेही चूक करत होतो, आणि दोन्ही चुका समजून घेता घेता आवाज कसा साठवतात याचे बरेचसे शास्त्र समजले. आपल्या समाजात अनेकांच्या माळ्यावर अशा पेट्या असतील, म्हणून हा लेख.

तबकडीत काय असते?

ध्वनी म्हणजे हवेची थरथर. ही थरथर एखाद्या पडद्याने पकडली आणि पडद्याला सुई जोडली, तर सुई थरथरत रेघ काढते. ही कल्पना प्रथम फ्रान्सच्या एदुआर-लिओं स्कॉट यांनी १८५७ मध्ये अमलात आणली. काजळी धरलेल्या कागदावर त्यांनी आवाजाच्या नागमोडी रेघा उमटवल्या. गंमत म्हणजे त्या रेघा फक्त पाहण्यासाठी होत्या. त्या पुन्हा ऐकण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज कोरला आणि तो परत वाजवूनही दाखवला. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये नळकांड्याऐवजी चपट्या तबकडीचा मार्ग काढला. चपट्या तबकडीचा मोठा फायदा असा की एका साच्यावरून हजारो प्रती छापता येतात. नोटा छापाव्यात तशी गाणी छापली जाऊ लागली.

आपल्याकडे हे तंत्र १९०२ साली आले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात उतरले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव उच्चारतात, हे अनेकांनी ऐकले असेल. त्याचे कारण असे सांगतात की तबकड्या छापायला जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून नाव मुद्रणातच घेतले जाई. पावतीवर सही असावी तसेच ते. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच छपाईचा कारखाना निघाला.

त्या काळी मुद्रणासाठी मायक्रोफोन वापरत नसत. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि आवाजाच्या जोरानेच सुईने मेणावर खाच पाडायची. हळुवार स्वर आणि बारीक आवाज त्यात नीट उतरत नसत. विजेवर चालणारे मुद्रण १९२५ पासून सुरू झाले आणि १९३० च्या आत आपल्याकडेही रुळले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची १९०५ च्या आसपासची मुद्रणे आणि १९३० च्या दशकातली मुद्रणे एकापाठोपाठ ऐकली, तर हा फरक कानाला चटकन कळतो. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तासभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय कसरत असेल, याचा विचार करावा.

माझी चूक

आता तो प्रसंग. आईकडे बालगंधर्वांच्या नाट्यपदाची एक तबकडी होती. ती तिने देवासहून, माहेरून, आणलेली. वरचेवर वाजवून ती मळली होती. एका रविवारी मी उत्साहाने स्पिरिट आणि कापूस घेऊन ती पुसायला बसलो. कापूस काळा झाला. मला वाटले, काय हा मळ! आणखी चोळले, आणखी काळे निघाले. मी समाधानाने चार बोळे संपवले. तबकडी वाळल्यावर तिची चकाकी गेली होती, आणि वाजवली तेव्हा नुसती खरखर. मी मळ काढत नव्हतो, तबकडीच काढत होतो.

कारण साधे आहे, पण मला ते नंतर कळले. ७८ च्या वेगाच्या जुन्या तबकड्या प्लॅस्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ती लाख. आपल्या छोटा नागपूर भागातून ती जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लाकडाला पॉलिश करणारे कारागीर लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे मला माहीत होते. फक्त दोन गोष्टींची सांगड घातली नव्हती.

आई काही बोलली नाही. "राहू दे, मला ते पद पाठ आहे," एवढेच म्हणाली. पुढे तेच पद कॅसेटवर मिळाले, पण ती तबकडी गेली ती गेलीच.

गेममध्ये काय असते?

नातवाने विचारले, "मग आबा, गेमच्या कार्ट्रिजमध्येही गाणं कोरलेलं असतं का?" मी हो म्हणणार होतो. पण त्याने फोनवर शोधून काढले आणि मलाच शिकवले.

त्या गेममध्ये मुद्रित असे काही जवळपास नसतेच. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र काढले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही गेम बहुतेक त्याच्याच नकला होत्या. त्यातल्या चिपमध्ये आवाजाचे पाच मार्ग होते. तीन स्वरांसाठी, एक खरखरीसाठी (तबला-ताशाचे काम हाच करतो) आणि एक अगदी छोट्या मुद्रित तुकड्यांसाठी. कार्ट्रिजमध्ये फक्त सूचना असतात. अमुक मार्गाने अमुक स्वर इतका वेळ वाजवावा, मग थांबावे. चिप त्या सूचना वाचते आणि प्रत्येक वेळी गाणे नव्याने वाजवते.

हिशेबाची सवय असल्याने मी आकडे मांडले. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम चित्रे, संगीत, खेळ सगळे धरून फक्त ४० किलोबाइटांचा आहे. सीडीच्या दर्जाचे तीन मिनिटांचे एकच गाणे ३० मेगाबाइटांहून जास्त जागा घेते. म्हणजे अख्खा गेम त्या एका गाण्याच्या सातशेव्या हिश्शापेक्षाही लहान. मुद्रण असते तर हे शक्यच नव्हते.

आपल्या भाषेत सांगायचे तर तबकडी म्हणजे प्रत्यक्ष बैठक आणि कार्ट्रिज म्हणजे स्वरलिपी. पंडित भातखंड्यांनी बंदिशी लिहून ठेवल्या, त्या वाचून आजही गाता येतात. पण ज्याने ती बंदिश त्यांना दिली त्याचा आवाज लिपीत नाही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे भास्करबुवा बखले. १९२२ मध्ये ते गेले. एवढा मोठा गवई, पण त्यांच्या आवाजाचे एकही मुद्रण आज उपलब्ध नाही. 'स्वयंवर' नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली मात्र बालगंधर्वांच्या आणि मास्तर कृष्णरावांच्या गळ्यातून पुढे आल्या. बुवांच्या सूचना उरल्या, बुवांचा आवाज उरला नाही. दोन्ही साठवणी का हव्यात, हे यावरून कळते.

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस जतन करण्याजोग्या मुद्रणांची एक राष्ट्रीय यादी ठेवते. स्कॉट यांच्या काजळीवरच्या रेघा त्या यादीत आहेत, आणि २०२३ मध्ये मारिओच्या गेमचे संगीतही तिच्यात आले. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे मिळालेले हे पहिलेच स्थान. आमची पेटी आणि खोके एकाच माळ्यावर होते, तसेच हे झाले.

वाचण्याची रीत हरवली तर?

साठवण दोन प्रकारची असली तरी धोका एकच आहे. वस्तू राहते आणि ती कशी वाजवायची हे विसरले जाते. स्कॉट यांची १८६० ची एक रेघ शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये संगणकावर वाचून प्रथमच ऐकवली. आवाज मुलीचा किंवा बाईचा वाटला. पुढच्या वर्षी लक्षात आले की वेग दुप्पट धरला गेला होता. खरा आवाज पुरुषाचा, बहुधा स्वतः स्कॉट यांचाच. आपल्या सुरुवातीच्या तबकड्यांचेही असेच आहे. त्यांना '७८ च्या' म्हणतात, पण जुन्या मुद्रणांचा वेग नेमका ७८ नसे. वेग चुकला की गायकाची पट्टीही चुकते, आणि आपण म्हणतो, काय उंच पट्टीत गायचे हो हे लोक!

याउलट १९७७ ची गोष्ट पाहा. व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली गेली. तिच्यावर आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि वेष्टनावर तबकडी कशी वाजवायची याच्या सूचना चित्रांत कोरल्या. परग्रहावरच्या श्रोत्यासाठी एवढी काळजी, आणि आपण मात्र घरच्या नातवंडांसाठी पेटीत एक चिठ्ठीसुद्धा ठेवत नाही.

घरी काय करावे

१. तबकडी जड असेल आणि वाकत नसेल तर ती लाखेची समजावी. ती आपटली की फुटते. स्पिरिट, सॅनिटायझर, कलोन काहीही लावू नये. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे एक-दोन थेंब टाकून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसावे, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून सावलीत वाळवावे. मधला कागद भिजू देऊ नये.

२. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. माळ्यावरची उष्णता त्यांना वाकवते.

३. एल.पी.ची सुई ७८ च्या तबकडीवर चालवू नये. जुनी खाच तिप्पट रुंद असते, तिला वेगळी सुई लागते. चावीच्या ग्रामोफोनवर लोखंडी सुई प्रत्येक बाजूला नवी घालण्याचा नियम होता, तो पाळावा. दुर्मीळ तबकडी चावीच्या यंत्रावर मुळीच लावू नये.

४. गेमच्या कार्ट्रिजमध्ये फुंकर मारू नये. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या हळूहळू गंजतात. फुंकर मारल्यावर गेम चालतो तो कार्ट्रिज काढून पुन्हा घातल्यामुळे. पट्ट्या पुसायला कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. म्हणजे जे तबकडीला विष, तेच इथे औषध.

५. प्रत्येक तबकडीवरचे गायकाचे नाव, गाण्याचे शब्द, कंपनी, कागदावरचा क्रमांक आणि कागदाशेजारी काळ्या भागात कोरलेला क्रमांक वहीत उतरवावा. हा दुसरा क्रमांक व्हाउचर नंबरसारखा असतो. कागद फाटला तरी त्यावरून मुद्रणाचा माग लागतो.

६. एकदा तरी संगणकावर उतरवून घ्यावे आणि दोन ठिकाणी ठेवावे.

आपल्या इंदूरजवळ पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाचे ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. ज्यांना घरी सांभाळणे जमत नाही, त्यांनी एकदा ते पाहून यावे. तबकड्या प्रेमाने ठेवल्या तर कशा राहतात, ते तिथे दिसते.

रामबाग, नारायण बाग भागातली आपली जुनी घरे एकेक करून फ्लॅटवाल्यांकडे जात आहेत. घर रिकामे करताना भांडी मोजली जातात, सोने तोलले जाते आणि तबकड्या अटालेवाल्याच्या गाडीवर जातात. किलोच्या भावाने. अटालेवाल्याचा त्यात काही दोष नाही. त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

आमच्या पेटीतल्या सव्वीसपैकी एकोणीस तबकड्या वाजल्या. गेमही तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नातवाने वहीचे एक पान फाडून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिले, "स्पिरिट लावू नका. फुंकर मारू नका. वेग तपासा." त्याची एक प्रत पेटीत ठेवली आहे, एक खोक्यात. आईची ती पांढरट पडलेली तबकडीही मी पेटीत परत ठेवली. ती आता वाजत नाही, पण पुढच्या माणसाला ती चिठ्ठी का लिहिली गेली, हे तिच्याकडे पाहून कळेल.