बोलणारं मशीन आणि मुकी चूक

मधुमेहामुळे नजर अधू झालेल्या माणसाला रक्तदाबावर इतरांपेक्षा जास्त काटेकोर लक्ष ठेवावं लागतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ज्या मधुमेहींचा सरासरी रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ इतका राखला गेला, त्यांच्यात नऊ वर्षांनंतर दृष्टी लक्षणीय खालावण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे उरलेली नजर जपायची तर हा आकडा हाती हवा. आणि घरचं मशीन तो नेमका पडद्यावर दाखवतं, जिथे मंद नजरेला ३ आणि ८ सारखेच भासतात. यावर दुकानदार बोलणारं मशीन पुढे करतो. त्याचा उपयोग आहेच, पण माझ्या मते निवडीची कसोटी आवाज ही नव्हे. दंडाला पट्टा बांधण्यापासून मागच्या आठवड्याची नोंद ऐकण्यापर्यंत सगळं काम न पाहता, एकट्याने जमतं का, हे तपासायला हवं.

खरी अडचण पट्ट्यापाशी सुरू होते. तो उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर यावा लागतो आणि नळी आतल्या बाजूने तळहाताकडे उतरावी लागते. यासाठीची खूण बहुतेक पट्ट्यांवर नुसती छापलेली असते. तिथे दोऱ्याचा जाड टाका घातला की ती बोटाला कळते. आधीच गोल आकार दिलेला ताठ पट्टा एका हाताने चढवायला सोपा जातो. मापाच्या बाबतीत मात्र तडजोड नको. शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर मोजून तो पट्ट्यावरच्या मापाशी जुळवून घ्यावा. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सर्वांत मोठा पट्टा लागणाऱ्या माणसांना नेहमीचा पट्टा बांधला तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी १९.५ने जास्त निघाला. ही चूक मशीन स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगून मोकळं होतं. अचूकतेची चाचणी झालेल्या मशीनची यादी ‘स्ट्राइड बीपी’ ही संस्था देते. त्या यादीत आपण घेणार त्या मशीनचा नेमका मॉडेल क्रमांक आहे का, हे कुणाकडून तरी पाहून घ्यावं.

मनगटावरचं मशीन बांधायला सोपं, मग तेच का नको, असं कुणी विचारेल. त्यात हात हृदयाच्या पातळीवरच धरावा लागतो. मनगट दहा सेंटीमीटर खाली राहिलं तर आकडा सात-आठने वाढतो, आणि ती पातळी न पाहता दरवेळी साधणं अवघड आहे. मोबाईलला जोडलेलं मशीन टॉकबॅक, म्हणजे फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय, सफाईने वापरणाऱ्याला उत्तम, पण ॲपमधलं प्रत्येक बटण वाचून दाखवलं जातं का, हे आधी तपासायला हवं. सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप हा, की घरात आकडा वाचून सांगायला कुणी ना कुणी असतंच. पण डॉक्टर सहसा सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोन-दोन वेळा मोजायला सांगतात. म्हणजे अठ्ठावीस वेळा हाक मारायची! सकाळच्या घाईत त्यातल्या बऱ्याच नोंदी राहून जाणार. शिवाय आपल्या शरीराची खबर आधी आपल्याला कळावी, हा साधा हक्क आहे.

म्हणून दुकानात डोळे मिटून मशीन चालवून पाहावं. बटण दाबल्याचं बोटाला कळलं पाहिजे; सपाट स्पर्शाचं असेल तर त्यावर फुगीर टिकली चिकटवता येते का पाहावं. आवाजाची भाषा आणि वेग समजतो का, ऐकायचा राहिलेला आकडा पुन्हा सांगतं का, जुन्या नोंदी बोलून दाखवतं का, हे विचारावं. मग पट्टा मुद्दाम सैल बांधून मोजायला लावावं. काही मशीन आकडे बोलतात, पण बिघाड झाला की फक्त पडद्यावर खूण दाखवून गप्प राहतात. असं मशीन घेऊ नये.